आंबोलीचा वाघ कोणत्या राज्याचा?

आंबोली, चौकूळ, गेळे या पंचक्रोशीत पट्टेरी वाघाची पावले उमटली, की गोव्याकडून वाट चुकून आलेला तो पाहुणा असावा, असे समजण्याची जी रीत पडून गेली आहे, तिला वस्तुस्थितीचा आधार नाही. 2018 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्याने टिपलेला एक नर 2020 मध्ये कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात आढळला, आणि प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असल्यामुळे त्याची ओळख पटली. उभय स्थळांमधले अंतर 200 किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्यांना जोडणारी अरण्यमाला राधानगरी, आंबोली, तिलारी, म्हादई, भीमगड अशी सह्यशिखरांना बिलगून जाते.

दुसरा समज असा, की एक विस्तीर्ण राखीव अरण्य निर्माण केले म्हणजे कार्यभाग साधला. चांदोली व कोयना मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तरी तेथे वाघांचा वंश रुजला नाही, आणि अखेर नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाहून वाघीण आणून सोडावी लागली. तिची संतती वयात आल्यावर स्वतंत्र मुलूख शोधत निघेल, तेव्हा तिला दक्षिणेची वाट मोकळी नसेल तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय.

तिसरा समज मात्र अधिक खोल रुजलेला आहे, आणि तो अकारण नाही. ‘राखीव’ म्हटले की गाव उठणार, अशी धास्ती येथे वाटते. सावंतवाडी संस्थानापासून चालत आलेल्या कबुलायतदार गावकर जमिनींच्या सातबाऱ्यावर सरकारचे नाव लागलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी नव्या हुकुमाकडे संशयाने पाहावे हे स्वाभाविकच आहे. तथापि सुमारे 57 चौरस किलोमीटरांचे आंबोली-दोडामार्ग संवर्धन राखीव क्षेत्र हे अभयारण्य नव्हे. वन्यजीव कायद्याच्या ज्या कलमाखाली ते जाहीर झाले, ते सरकारी मालकीच्या जमिनीलाच लागू होते. त्यासाठी स्थानिकांशी विचारविनिमय आवश्यक आहे. वणवा लावणे किंवा घातक रसायने व स्फोटके वापरणे तेथे निषिद्ध आहे. परंतु गावाचे स्थलांतर त्यात अभिप्रेत नाही. उलट, व्यवस्थापन समितीत हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा, असे कायदाच सांगतो.

राहिला दिल्लीचा प्रश्न. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण सर्व पाहील, असे म्हणून राज्ये निश्चिंत राहतात. पण 1976 च्या घटनादुरुस्तीपासून वने व वन्यप्राणी समवर्ती सूचीत आहेत, व्याघ्र प्रकल्पाचा आराखडा राज्यानेच करावयाचा असतो, आणि प्राधिकरण तो मंजूर करते. त्यामुळे मुंबई, पणजी व बंगळूरच्या दप्तरांत एकाच वाघाचे तीन तुकडे होतात. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे गुरे मारल्यानंतर विषप्रयोगाने एक वाघीण व तिचे तीन बछडे मेले. ही हानी गोव्याच्या खात्यावर नोंदली गेली, पण तिचा फटका आंबोलीपासून कोयनेपर्यंतच्या वाघांना बसला. तिन्ही राज्यांनी गणना, मारल्या गेलेल्या गुरांची भरपाई आणि रस्ते-खाणींच्या परवानग्या एकाच आराखड्याखाली आणल्या पाहिजेत, आणि त्याची पहिली बैठक आंबोलीत भरावी. तोवर येथील ग्रामपंचायतींनी समितीतील आपली जागा रिकामी ठेवू नये, एवढी विनंती आहे.