चढ, उतार आणि बैठक

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून आलेली जीप मोलगीच्या बाजारात रिकामी होते आणि उतरलेल्यांतले बरेचजण तिथून पुढे पायीच निघतात. सातपुड्यातला पाडा म्हणजे एका ओळीत बसलेली घरे नव्हेत. एक घर या टेकडीवर, तर दुसरे समोरच्या उतारावर. शेजाऱ्याकडे काही मागायला जायचे म्हटले तरी पायांना काम पडते. अशा ठिकाणी कुणाला ‘रोज अर्धा तास चालत जा’ असा सल्ला दिला, तर तो सल्ला देणाऱ्याकडेच काळजीने पाहील.

पण आता मोलगीत खुर्च्याही आल्या आहेत. दुकानदार गल्ल्यावर बसतो, कर्मचारी संगणकापुढे. मास्तर वर्गात उभे राहतात, पण पाड्यावर मोटारसायकलने जातात. पाच मिनिटांच्या वाटेलाही किक मारायची सवय डोंगरात पठारापेक्षा लवकर लागते, कारण चढ कुणालाच आवडत नाही. देशाचे चित्रही याच दिशेचे आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर स्त्रियांत ५७.

बसून राहण्याची किंमत पहिल्यांदा मोजली गेली ती लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना होती. दोघांची बस एक, रस्ता एक. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढतउतरत. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला.

हालचालीच्या फायद्याचे कारण बरेचसे स्नायूंत आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतो. मधुमेहाच्या रुग्णाला जेवणानंतर चालायला सांगतात ते यासाठीच. आणि मोलगीच्या भूगोलाला साजेसा एक प्रयोग ऑस्ट्रियात झाला आहे. तिथल्या संशोधकांनी बैठे काम करणाऱ्या माणसांना काही आठवडे डोंगर फक्त चढायला लावले आणि रोपवेने खाली आणले. काही आठवडे उलट केले. चढण्याने रक्तातली चरबी सुधारली, हे अपेक्षितच होते. गंमत अशी की साखर पचवण्याची क्षमता अधिक सुधारली ती उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. म्हणजे ज्या उताराला आपण आराम समजतो, तोही कामाचाच.

‘मी तर बारीक, मला कसली साखर?’ हा प्रश्न या भागात हमखास निघेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता-बालकांचा जो अभ्यास केला, त्याने यातली खोच दाखवली. आपली बाळे जन्मतः कमी वजनाची असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त, स्नायू कमी. कुपोषणासाठी वर्षानुवर्षे बातम्यांत राहिलेल्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्याने हे विशेष लक्षात घ्यावे. लहानपणी उपाशी राहिलेला मुलगा मोठेपणी खुर्चीवर बसला, तर बारीक असूनही त्याला मधुमेहाचा धोका असतो.

मग डोक्यावर हंडा आणि पाठीवर लाकडाची मोळी घेऊन चढणाऱ्या बाईचे काय? तिचा व्यायाम झालाच की, असे म्हणणे सोपे आहे आणि चूकही. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी सांगतात की कष्टाच्या कामातून हृदयाला तो फायदा मिळत नाही, जो मोकळ्या वेळेतल्या हालचालीतून मिळतो. ओझे तासन्‌तास, रक्तदाब दिवसभर चढलेला, मध्ये विसावा नाही, वर अपुरे जेवण. या निष्कर्षावर संशोधकांत वाद आहेत. तरी ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्या जोडप्याला व्यायाम शिकवण्याआधी झोप आणि डाळ मिळाली का, हे विचारायला वाद मिटण्याची गरज नाही.

हौसेची हालचाल मात्र या डोंगराला परकी नाही. मोलगीजवळच्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि तोवर रात्रभर ढोलावर पाय थिरकत असतात. कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. एवढे वजन अंगावर घेऊन इतके तास नाचणे शहरी जिममध्ये कुणाला जमेल? पुढचे काही दिवस आसपासच्या गावांत मेळे भरतात. अडचण एवढीच, की होळी वर्षातून एकदा येते.

एक सावधगिरी मात्र इथे हवीच. नंदुरबारच्या आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आजार बऱ्यापैकी आढळतो. ज्यांना हा आजार आहे त्यांनी उन्हात, पाणी न पिता, दम लागेपर्यंत पळू नये. हळू सुरुवात, मध्ये विश्रांती आणि डॉक्टरांना विचारून. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनी तर रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

राहिला प्रश्न वेळेचा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काम सांगते. जोर-बैठका त्यात चपखल बसतात. मात्र ‘सलग किमान १० मिनिटे’ ही जुनी अट संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली. २०२२ साली ब्रिटनमधल्या व्यायाम न करणाऱ्या २५ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला. मनगटावरच्या यंत्राने मोजले, तर दिवसात तीनेकदा मिनिट-दोन मिनिटे झपाझप चढणाऱ्या, ओझे घेऊन भरभर चालणाऱ्या माणसांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले. हे निरीक्षण आहे, हमी नव्हे. तरी मोलगीच्या मास्तरांना पुरेसे आहे. मोटारसायकल डांबरी रस्त्यावर लावायची, शाळेपर्यंतची पायवाट जाताना दम लागेल इतक्या वेगाने चढायची आणि संध्याकाळी सावकाश उतरायची.