आजारी मन आणि जीवनाचे प्रयोजन

माटुंग्याच्या पूर्वेला, डॉन बॉस्को शाळेशेजारी, 1957 साली बांधून झालेले मरियामातेचे मंदिर आहे. पश्चिमेकडून थोडे चालत गेले की माहीमचे सेंट मायकल चर्च लागते. तेथे 1948 सालापासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते, आणि तिला ख्रिस्ती, हिंदू, पारशी असे सगळेच येतात. बाहेर मेणाच्या आकृती विकायला मांडलेल्या असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. ज्याला घर हवे तो मेणाचे घर वाहतो. ते पाहताना आमच्या मनात नेहमी एक प्रश्न येतो : ज्याचे मन दुखते, त्याने काय वाहावे?

प्रश्न पोरकट वाटेल. पण शरीराचे दुखणे दाखवता येते, मनाचे लपवावे लागते, हीच या विषयातली पहिली अडचण आहे. घरात कोणाला ताप आला तर शेजारी पेज घेऊन येतात. त्याच घरातला तरुण मुलगा तीन महिने खोलीबाहेर पडला नाही, तर ‘अभ्यास चालला आहे’ असे सांगून दार ओढून घेतले जाते. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून रुग्णांची सेवा करीत आहे; पण आपल्या बोलण्यात मात्र ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टाच तेवढी उरली.

श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला या दुखण्यात आणखी एक ओझे येते. मंडळीतले कोणी हळूच म्हणते, ‘तुझा विश्वास कमी पडला.’ कोणी पापाचा कबुलीजबाब मागते, कोणी सैतान काढायला निघते, आणि कोणी तर ‘प्रार्थना पुरे, गोळ्या बंद कर’ असा सल्ला देते. रोग्याला आधी रोग असतो. आता अपराधही चिकटतो. गोळ्या अचानक बंद झाल्या की दुखणे उसळते, आणि त्याचाही दोष विश्वासालाच लागतो. म्हणून पहिल्यानेच स्पष्ट सांगू : मनाचा आजार हे पाप नव्हे, आणि श्रद्धा ही औषधाची बदली नव्हे. मग श्रद्धा काय करते? औषध ज्या प्रश्नाला हात घालीत नाही, त्या प्रश्नाला ती हात घालते. औषध दुखणे हलके करते. पण ‘असा मी कशासाठी जगू?’ हे रोग्याने विचारले, तर गोळीपाशी उत्तर नसते.

बायबलातच याचा क्रम मोठ्या शहाणपणाने सांगितला आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकात एलीया संदेष्टा थकून, भिऊन रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करीत नाही. तो भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. पुढे लांबची वाट चालून झाल्यावर, अगदी शेवटी, त्याला नवे काम मिळते. आधी अन्न, झोप, सोबत, मग काम. ‘मरण मागणारा कसला संदेष्टा’ असे म्हणून देवाने त्याला टाकून दिलेले नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, थडग्यांमध्ये राहणारा आणि स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा एक माणूस येतो. कथा भुते काढण्याची आहे, आणि तीवरूनच पुष्कळांनी रोग्यांचे हाल केले. पण तिचा शेवट कोणी लक्षात घेत नाही. बरा झाल्यावर तो येशूबरोबर यायला निघतो, आणि येशू त्याला परत पाठवतो : घरी जा, आपल्या माणसांना सांग. ज्याला गावाने साखळ्या घातल्या, त्यालाच गावाकडे निरोप्या म्हणून धाडले. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. प्रयोजन म्हणजे मनाला दिलेली गोड समजूत नव्हे. प्रयोजन म्हणजे सोपवलेले काम.

हे ज्याने आयुष्यभर जगून दाखवले, तो माणूस म्हणजे अमेरिकेतील धर्मोपदेशक अँटन बॉइसेन. त्यांचा जन्म 1876 चा. 1920 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांना भ्रमाचा तीव्र झटका आला आणि पुढचे सुमारे सव्वा वर्ष मनोरुग्णालयात गेले. तेथे त्यांना दिसले की, डॉक्टर येतात, परिचारक येतात. पण रोग्याच्या अंतरंगातला धर्मविषयक कल्लोळ ऐकून घेणारे कोणी नाही. ‘हेच माझे काम’ असे त्यांनी ठरवले. 1924 साली ते वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले. एके काळचा रोगी रोग्यांच्या सेवेला आला. 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तेथे आणले. ग्रंथ वाचता तसा माणूसही वाचायला शिका, अशी त्यांची शिकवण होती. रुग्णालयात राहून पाळकांना शिक्षण देण्याची जी पद्धत आज देशोदेशी आहे, तिचे मूळ त्या वर्गात आहे.

येथे गोष्ट संपली असती तर ती प्रवचनाला सोयीची झाली असती. पण 1930 साली आणि पुन्हा 1935 साली बॉइसेन आजारी पडले. दुखणे गेले नव्हते. प्रत्येक वेळी उपचार घेऊन ते कामावर परतले, 1936 साली आपला मुख्य ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला आणि 1960 साली स्वतःच्या आजाराची हकीकत नावानिशी छापली. 1965 साली ते वारले. श्रद्धेने त्यांचा रोग पुसला नाही. रोगासकट त्यांना कामाचे केले.

हे परमुलुखातले झाले. आपल्या मराठी घरातले पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. 1857 च्या धामधुमीनंतर आपल्या वडिलांना सोवळ्याचे कसे वेड लागले, धुण्यापुसण्याने घरदार कसे जेरीस आले, हे त्यांनी हसतहसत सांगितले आहे. आज मंत्रचळाचा आजार ज्याने पाहिला आहे, त्याला ते वाचताना ओळख पटेल. त्या काळी मात्र त्याला कर्मठपणा एवढेच नाव होते. आजार धर्माच्या आड लपला आणि उपचाराविना राहिला.

लक्ष्मीबाईंना आम्ही मनोरुग्ण म्हणत नाही. पण दुःखाने मन मोडण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. 1895 साली पतीने बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. 1900 साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. 1919 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ थोड्याच अध्यायांवर थांबले होते. शाळा न पाहिलेल्या या बाईंनी ते पुढे नेले. उरलेल्या अध्यायांपैकी बहुतेक त्यांचे आहेत. शोक सरल्यावर काम हाती घ्यावे, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. शोक हाताशी असतानाच काम धरले.

मग माटुंग्यात राहणाऱ्या आपण काय करावे? उपचार दूर नाहीत. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के. ई. एम. येथे मनोविकार विभाग आहेत, आणि 2022 पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे. हे झाले एलीयाच्या भाकरीसारखे, ते आधी. पण त्यानंतरचे काम कायद्याला करता येत नाही, ते मंडळीचे आणि शेजाऱ्यांचे आहे. बरे वाटू लागलेल्या माणसाला ‘तू फक्त विश्रांती घे’ असे वर्षानुवर्षे सांगणे ही दया नव्हे. गायनवृंदात त्याची जागा राखा, मुलांच्या वर्गाला एक तास त्याला द्या, आजाऱ्याच्या भेटीला जाताना त्याला बरोबर न्या. एखाद्या बुधवारी त्याला येणे जमले नाही, तर जागा तशीच ठेवा. पुढच्या बुधवारी तो येईल.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हे लागू आहे. देव कोणत्या नावाने हाक मारतो हा ज्याचा त्याचा प्रश्न; पण कामावर बोलावल्याची हाक बहुधा शेजारच्या माणसाच्या तोंडूनच ऐकू येते. माहीमच्या चर्चबाहेर मनाची आकृती नाही मिळाली तरी चालेल. ज्याचे मन दुखते, त्याने आपला उरलेला दिवस वाहावा, आणि आपण तो हात पुढे करून घ्यावा.