गजांसकट वाघ

नांदगावात प्राणिसंग्रहालय कधीच नव्हतं. तरीही गेल्या चाळीस वर्षांत आमच्याकडच्या कॅमेरावेड्यांनी वाघ-बिबट्यांचे जे फोटो काढले, ते जवळजवळ सगळे प्राणिसंग्रहालयांतलेच. गावाची जागाच तशी आहे. भुसावळ–मुंबई लोहमार्गावर स्टेशन, त्यामुळे सकाळी दादरला उतरून लोकलने भायखळा गाठायचं की राणीची बाग आलीच. फक्त बागेच्या सुट्टीचा बुधवार टाळायचा. दुसरी वाट वेरूळकडून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जाणारी. मनमाडहून तिकडे रेल्वे नव्हती तोवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगावलाच उतरून टांग्याने पुढे जात. शंभर वर्षांनी आम्ही त्याच दिशेने एसटीने निघालो, ते सिद्धार्थ उद्यानातले वाघ टिपायला.

ऐंशीच्या दशकात हातात असायचा तो आग्फाचा क्लिक थ्री. रोलमध्ये बारा फोटो, लेन्स एकच आणि तीही न बदलणारी. त्यात वाघ यायचा तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यातल्या पट्टेरी ठिपक्याएवढा. पुढे कुणी याशिका घेतला, कुणी जुना झेनिट, आणि त्यावर दोनशे मिलिमीटरची लेन्स चढली. कृष्णधवल रोल गावातल्या स्टुडिओत धुतला जायचा, रंगीत नाशिकला पाठवावा लागायचा. छत्तीस फोटोंचा रोल परवडायचा नाही, म्हणून माणूस पिंजऱ्यासमोर तासन्‌तास थांबायचा. वाघाची फेरी कोणत्या कोपऱ्यात वळते, सिंहीण कधी जांभई देते, बिबट्या दुपारी कोणत्या फळीवर चढतो, हे त्या थांबण्यात कळायचं. सेकंदाला वीस फोटो काढणारे आजचे कॅमेरे मला मनापासून आवडतात, पण तेवढं थांबायची गरज त्यांनी संपवली, ही हानी मोठी आहे.

त्या काळातली सगळी विद्या जाळी घालवण्याची. कठड्यामुळे लेन्स जाळीपर्यंत पोचायची नाही. मग जाळीचा सावलीतला भाग शोधायचा, कारण उन्हाने चमकणारी तार फोटोवर धुरकट पट्टा उठवते. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, लांब लेन्स लावायची आणि वाघ जाळीपासून मागे सरला की बटण दाबायचं. तार विरघळून जाते. पांढऱ्या वाघाची तऱ्हा आणखी वेगळी. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्या पांढऱ्या अंगाला करडं समजतो, म्हणून एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात तर उजेडच कमी. चारशे आयएसओचा रोल भरला की पिसांवर दाणे दिसायचे आणि शंभरचा भरला की पोपटाची मान हलायची. एवढे कष्ट घेऊन जो फोटो हाती यायचा, तो पाहणाऱ्याला जंगलातला वाटावा, हीच त्याची परीक्षा होती.

ही परीक्षा कुठवर जाते, ते लंडनच्या एका स्पर्धेत जगाला दिसलं. वर्षातला सर्वोत्तम वन्यजीव छायाचित्रकार म्हणून २००९ साली ज्याला गौरवलं, त्या स्पॅनिश छायाचित्रकाराचा फोटो फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा माद्रिदजवळच्या प्राणी उद्यानातला माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. छायाचित्रकाराने हे मान्य केलं नाही. पुढे आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संघटनांनी वन्यजीव विभागाची व्याख्या घट्ट केली आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना त्यात जागा उरली नाही. नियम योग्यच आहे. पण त्यातून आपल्या मंडळींनी एक चुकीचा अर्थ काढला: पिंजऱ्यातला फोटो म्हणजे कमअस्सल. मला हे मुळीच मान्य नाही.

नामशेष झालेल्या प्राण्यांचंच पाहा. क्वागा हा झेब्र्याचा भाऊबंद, अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला. जिवंत क्वागाचे जे फोटो जगात आहेत ते मोजून पाच, आणि पाचही लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एकाच मादीचे, १८६३ ते १८७० च्या दरम्यानचे. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मेला. थायलसीन, म्हणजे टास्मानियाचा पट्टेरी मांसाहारी प्राणी, ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात संपला. १९३३ मध्ये डेव्हिड फ्ले या निसर्गअभ्यासकाने त्याचं चित्रीकरण केलं होतं. त्यात तो प्राणी जबडा किती उघडतो ते दिसतं, आणि मागची तारेची जाळीही दिसते. फ्लेने ती जाळी चौकटीबाहेर ठेवली असती, तर त्या जिवाला कशात ठेवलं होतं हे आज आपल्या डोळ्यांना दिसलं नसतं.

आपल्याकडेही या चाळीस वर्षांत पिंजराच बदलला. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि मान्यतेसाठी नियम लागू झाले. पुण्यात १९५३ पासूनचं पेशवे पार्क होतं. १९९९ मध्ये कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी पुढे तिकडे गेले. कात्रजला गजांच्या जागी खंदक आला, गवत आलं, झाडं आली. १८६२ मध्ये खुली झालेली राणीची बाग तर आमच्या डोळ्यांदेखत पालटली. २०१७ मध्ये पेंग्विनचं दालन उघडलं, २०२० मध्ये पक्ष्यांचं उंच मुक्तविहार दालन. त्यात माणूस आत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात. मध्ये जाळी उरतच नाही. पूर्वी वीतभर पिंजऱ्यात अंग आखडून बसलेला पक्षी टिपणाऱ्याला उडता पक्षी टिपायला शिकावं लागलं. ती शिकवणी नांदूरमध्यमेश्वरला कामी आली. गोदावरी-कादवा संगमावरचं ते पाणी निफाड तालुक्यात, आमच्याच जिल्ह्यात. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा.

या बदलाचा सगळ्यात बोलका पुरावा मला एका मित्राच्या संग्रहात सापडला. फेब्रुवारी २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी सिद्धार्थ उद्यानातून राणीच्या बागेत आली. मित्राकडे शक्तीचे दोन्हीकडचे फोटो आहेत. औरंगाबादच्या फोटोत पुढे जाळी आहे, वाघ सिमेंटवर उभा आहे. भायखळ्याच्या फोटोत काच आहे, पाणी आहे, हिरवळ आहे. वाघाचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. डाव्या अंगावरचेही उजव्याशी नाहीत. म्हणून दोन्ही फोटोंतली डावी बाजू शेजारी ठेवली आणि पट्टा पट्ट्याला जुळवत गेलो. वाघ तोच, आजूबाजूचं जग दुसरं. हे कळलं ते पहिल्या फोटोत जाळी राहिली म्हणून. त्याच दिवशीचे जाळी विरघळवलेले देखणे फोटोही मित्राकडे आहेत. ते कुठेही काढलेले असू शकतात, आणि त्यांतून वाघाच्या जगण्याबद्दल काहीही समजत नाही.

काचेनेही आपलं तंत्र शिकवलं. गडद शर्ट घालायचा, लेन्सभोवती रबरी हूड लावून तो काचेला टेकवायचा, फ्लॅश कटाक्षाने बंद ठेवायचा. दुःख आहे ते काच बडवणाऱ्यांचं. मोबाइल आल्यापासून वाघाने आपल्याकडे बघावं हा हट्ट वाढला आहे. जिल्ह्यात वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला की हीच झुंबड पिंजऱ्याभोवती उसळते, आणि आत तो जीव गजांवर डोकं आपटत असतो. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवणं हेच एकमेव सभ्य वर्तन आहे, असं मी ठामपणे सांगतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरी नद्यांचं पाणी नांदगावात शिरलं, तेव्हा माझ्या खालच्या फळीवरचे निगेटिव्ह चिखलात गेले. ज्यांचे वाचले आहेत त्यांनी ते आता स्कॅन करावेत. फोटोच्या मागे प्राणिसंग्रहालयाचं नाव, साल, आणि पाटीवर लिहिलं असेल तर प्राण्याचंही नाव लिहावं. एक प्रत त्या प्राणिसंग्रहालयाला द्यावी. नव्याने कॅमेरा घेतलेल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: वाघाचा चेहरा जरूर टिपा, त्यासाठी जाळी विरघळवा, पण त्याच उभ्या जागेवरून गजांसकट एक फोटो काढा आणि तो जपून ठेवा.