मलम लावले, तरी खाज का?

खरजेवर 5 टक्के पर्मेथ्रिनचे मलम, उवांवर 1 टक्क्याचे लोशन; औषध एकच, वापर वेगळा. मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, नखांखालीही लावून 8 ते 14 तासांनी धुवायचे. मध्येच हात धुतले तर तिथे पुन्हा लावायचे. (हेच हमखास राहते.) लोशन मात्र धुऊन टिपलेल्या केसांत फक्त 10 मिनिटे. दोन्हींचा दुसरा हात साधारण आठवड्याने, कारण उरलेल्या अंड्यांतून नवे जीव निघतात.

दोन दिवसांत खाज थांबली नाही, की औषध लागू पडले नाही असे वाटणे साहजिक आहे. पण मेलेल्या किड्यांच्या अवशेषांची ही ॲलर्जी 2 ते 4 आठवडे टिकू शकते. म्हणून रोज मलम चोळले, तर कातडीच चुरचुरते. त्यानंतरही नवे फोड उठले, तर संशय आधी घरावर घ्यावा: पहिल्या लागणीत खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात, त्यामुळे न खाजवणाराही किडे बाळगून असतो. खरजेचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे. चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. गोधडी किमान 3 दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवली तरी चालते. 2 महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.