तुरीच्या दाण्याएवढं कोबाल्ट

एक ग्रॅम शुद्ध कोबाल्ट-६० म्हणजे लातूरच्या आडतीत दिसणाऱ्या तुरीच्या एका टपोऱ्या दाण्याएवढा ऐवज. त्यात दर सेकंदाला सुमारे ४२ लाख कोटी अणूंचं विघटन होतं आणि प्रत्येक विघटनातून दोन गॅमा किरण बाहेर पडतात. कर्करोगाला शेक देणाऱ्या कोबाल्ट यंत्राच्या नव्या स्रोतात असं कोबाल्ट काही ग्रॅम असतं. शिशाच्या जाड भिंतीआड आहे तोवर ते माणसं वाचवतं.

ते भंगारात मिसळून भट्टीत गेलं तर? आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की, एका ग्रॅम लोखंडात दहा सेकंदांत एकापेक्षा जास्त कोबाल्ट अणू फुटत नसतील, तर ते लोखंड बाजारात मोकळं सोडायला हरकत नाही. आता भागाकार करा. एका ग्रॅम कोबाल्टचं किरणोत्सर्जन या मर्यादेखाली आणायला ते ४२ कोटी टन लोखंडात मिसळावं लागेल. आपल्या अख्ख्या देशाचं वर्षाचं पोलाद उत्पादन १५ कोटी टनांच्या आसपास आहे. मर्यादा मुद्दामच फार खाली ठेवलेली आहे, ती ओलांडली की माणूस दगावतो असं नाही. तरीही तीन वर्षांचं पोलाद आणि एक दाणा, हे प्रमाण डोक्यात मावत नाही.

किरणोत्सारी धातू वितळवताना सगळेच पदार्थ असे चिवट नसतात. सीझियमची वाफ होऊन ते धुळीबरोबर गाळणीत अडकतं. युरेनियम मळीबरोबर वर येतं, ती काढून टाकता येते. कोबाल्ट मात्र लोखंडाचा सख्खा शेजारी: लोखंडाचा अणुक्रमांक २६, याचा २७. ते लोखंडातच राहतं, आणि एकजीव झालं की कुठलीही भट्टी त्याला वेगळं काढत नाही.

मराठवाड्यात हे कळणं जास्त गरजेचं आहे. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात, आणि ती नांदेड-लातूरच्या बांधकामांवर येते. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती कोसळल्या, तेव्हापासून इथल्या माणसाचा भरवसा सळईवर आहे. समजा, २५ टनांच्या एका घाण्यात तो एक ग्रॅम पडला. कोबाल्ट-६०चं अर्धआयुष्य ५.२७ वर्षं. ती सळई मर्यादेखाली यायला अशी २४ अर्धआयुष्यं, म्हणजे १२६ वर्षं लागतील. घराची चौथी-पाचवी पिढी.

हे नुसतं गणित नाही. मेक्सिकोत सियुदाद हुआरेझ इथे १९८३ मध्ये शेक देणारं एक टाकाऊ यंत्र भंगारात गेलं. त्यातल्या एकेक मिलिमीटरच्या सुमारे ६ हजार गोळ्या विखुरल्या आणि हजारो टन सळई बाधित झाली. जानेवारी १९८४ मध्ये सळईचा एक ट्रक वाट चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या दारात गेला, तिथल्या यंत्राने इशारा दिला, म्हणून ते उघडकीला आलं. पुढे ८०० हून अधिक घरं पाडावी लागली. आपल्या राज्याचं नावही अशा घटनांच्या यादीत आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं. ती जोडणाऱ्या २० एक कामगारांना सामान्य नागरिकाच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. पोलादाचा माग निघाला खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत.

किरणोत्सारी धातूचा कचरा कमी करण्याचे चांगले मार्गही आहेत. अणुभट्टीच्या पुष्कळशा पाइपांत आणि बॉयलरांत किरणोत्सार फक्त पृष्ठभागावर बसलेला असतो. तो पातळ थर खरवडला की आतला धातू स्वच्छ निघतो. ब्रिटनच्या बर्कली अणुवीज केंद्रातले, प्रत्येकी ३०० टनांहून जड असे पाच बॉयलर २०१२ मध्ये स्वीडनला नेऊन तोडले, वितळवले, आणि ९० टक्क्यांहून जास्त धातू पुन्हा वापरात आला. पुरायला उरला तो थोडासा अर्क.

आपल्याकडे असा कचरा पुरण्याची सोय तारापूर आणि तुर्भ्याला आहे. दगडी चर, काँक्रीटचे चर, आणि जास्त तीव्र कचऱ्यासाठी जमिनीत उभ्या गाडलेल्या नळ्या. साधारण ३०० वर्षांच्या देखरेखीचा हिशेब त्यामागे आहे. आपला तो एक ग्रॅम न वितळता तिथे गेला तर? आज त्यात एकावर २२ शून्यं इतके अणू आहेत. ३०० वर्षांनी उरतील ७० हजारांच्या आसपास, आणि विघटनं होतील दिवसाला पंचवीस-तीस. तेच ४२ लाख कोटी, तेही दर सेकंदाला, इथवर उतरलेले असतील.

म्हणून निकाल भट्टीच्या आधी, भंगाराच्या फाटकावर लागतो. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून असलेलं एक गॅमा यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात त्याचं शिसं फोडलं गेलं, एक माणूस मेला, अनेक जखमी झाले. नियमाप्रमाणे असा स्रोत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीने पुरवठादाराकडेच परत जायला हवा होता. शिशाला भंगारात लोखंडापेक्षा चांगला भाव येतो, त्यामुळे हातोडा आधी तिथेच पडतो. जालन्याच्या प्रत्येक भट्टीच्या दारात किरणोत्सार मोजणारं यंत्र हवं आणि नांदेड-लातूरच्या प्रत्येक भंगार गोदामात किरणोत्साराच्या चिन्हाचा फलक हवा: पिवळ्या पाटीवर तीन पाती. आकाराच्या मानाने भलतंच जड, शिशाने मढवलेलं आणि ते चिन्ह असलेलं काही आलं, तर ते फोडायचं नाही, हलवायचं नाही, माणसं लांब न्यायची आणि पोलिसांना कळवायचं.