कोरडा ओढाही ओढाच!

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांच्या परिसरात राणीसावरगाव आहे. या भागातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर लहान ओढे हळूहळू आटतात आणि उन्हाळ्यात पूर्ण कोरडे होतात. अशा भागात कोरड्या ओढ्याचा काठ ही उकिरड्यासाठी सोयीची जागा ठरते. पात्रातही जनावरे बांधली जातात. पाणीच नाही, तर घाण जाणार कोठे, असा साधा विचार त्यामागे असतो.

कायदा मात्र असा विचार करत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ साली संसदेने केला आणि महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. त्यात ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. तीत नदी आणि भूजल येतेच. शिवाय जलमार्गही येतो, मग तो वाहता असो किंवा त्या वेळी कोरडा असो! प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून जाऊ देण्यास कलम २४ नुसार मनाई आहे. या व्याख्येमागचे विज्ञान समजले, की नियम लादलेला न वाटता शहाणपणाचा वाटू लागतो.

पाण्यात शेण गेले की काय होते?

शेण जमिनीत मिसळले, तर जिवाणू ते कुजवतात आणि पिकाला अन्न मिळते. पाण्यातही जिवाणू हेच काम करतात. पण त्यासाठी लागणारा प्राणवायू ते पाण्यातून घेतात. पाण्यात मुळात प्राणवायू थोडाच विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. त्यामुळे थोड्या शेणानेही डबक्यातला साठा संपतो, मासे मरतात आणि पाण्याला दुर्गंधी येते.

दुसरा धोका रोगजंतूंचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आय. एस. १०५००) १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. तो माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. म्हणून तो पाण्यात सापडला, की विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचली असे समजावे.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जनावरांच्या मूत्रातील युरियापासून अमोनिया होतो आणि जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. नायट्रेटवरही ऋण भार असल्याने माती त्याला धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरते आणि विहिरीत पोहोचते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असे पाणी दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळसर दिसू लागते. अमेरिकेतील आयोवा येथील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ साली या आजाराचा संबंध विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटशी जोडला. आपल्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. येथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. पाणी उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरचाही त्यावर उपयोग होत नाही.

पहिला पाऊस आणि जमिनीतल्या भेगा

आठ महिने काठावर साठलेले सगळे मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत एकदम वाहून जाते. ओढ्याचे पहिले गढूळ पाणी सर्वांत घाण असते ते यामुळेच. या भागातल्या ओढ्यांचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते. शिवाय उन्हाळ्यात काळ्या जमिनीला मोठ्या भेगा पडतात आणि खालच्या काळ्या खडकातही फटी असतात. मातीतून झिरपताना पाणी गाळले जाते, भेगांतून उतरताना तसे गाळले जात नाही. पिण्याच्या पाण्याची विहीर घाणीपासून किमान १५ मीटर दूर असावी, असे आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत सांगितलेले असते. फटींच्या खडकात तेवढे अंतरही पुरेल याची खात्री नसते. म्हणून उकिरडा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला आणि शक्य तितका दूर हवा.

शेण जास्त की जागा चुकीची?

युरोपीय समुदायाने १९९१ साली नायट्रेटसंबंधी नियम केले. तेथील नायट्रेट-संवेदनशील भागांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा अधिक नायट्रोजन देता येत नाही आणि ठराविक काळात खत टाकण्यास बंदी असते. ही मर्यादा आपल्याकडे ताडून पाहू. गावठी जनावर दिवसाला १० किलो शेण देते आणि त्यात ०.३ टक्के नायट्रोजन आहे असे धरू. दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ११ किलो झाला. मूत्रातला तेवढाच धरला तर २२ किलो. म्हणजे हेक्टरी सात जनावरांपर्यंत ही मर्यादा ओलांडली जात नाही. दोन हेक्टर शेत आणि एक बैलजोडी असलेला शेतकरी तर तिच्यापासून खूपच दूर आहे. त्याच्याकडे शेण जास्त नाही. ते एका जागी, आणि तेही चुकीच्या जागी साठते, एवढीच अडचण आहे.

मोठ्या गोठ्यांची गोष्ट वेगळी. तेथे जनावरे पुष्कळ असतात आणि लागून शेत नसते. त्यांच्यासाठी व गोशाळांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०२१ साली ती सुधारली. शेण गटारात किंवा जलाशयात न सोडता त्यापासून कंपोस्ट, गांडूळखत किंवा बायोगॅस करावा, हे त्यांचे सार. लहान शेतकऱ्याच्या दारात मात्र कोणी तपासनीस येणार नाही. तेथे ग्रामपंचायत, शाळा आणि शेजारी यांनीच लक्ष घालायला हवे.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत विहिरीचे पाणी भरा. एकीत चमचाभर गाळलेले शेणपाणी घाला. दोन्हींत मेथिलिन ब्ल्यूचे सारखेच थेंब टाकून पाणी काठोकाठ करा, हवा राहू न देता झाकणे घट्ट लावा आणि बाटल्या अंधारात ठेवा. रोज पाहा. शेणपाण्यातला निळा रंग आधी जाईल, कारण तेथला प्राणवायू आधी संपतो. नंतर हात साबणाने धुवा आणि त्या बाटल्या पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा वापरू नका.

दुसरा उपक्रम एप्रिलमध्ये करावा. मुलांनी गावाचा नकाशा काढून त्यावर विहिरी, हातपंप, गोठे, उकिरडे आणि कोरडे ओढेसुद्धा दाखवावेत. उताराची दिशा बाणाने दाखवावी आणि अंतरे पावलांनी मोजावीत. ज्या उकिरड्याचा बाण विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जातो, त्यावर लाल खूण करावी. नकाशा ग्रामसभेत मांडताना घरमालकाचे नाव घेऊ नये. केवळ जागा दाखवावी. लाल खुणेच्या जागचे खत पाऊस पडण्याआधी शेतात नेऊन पसरले आणि वखराच्या शेवटच्या पाळीत मातीत मिसळले, तर विहीर वाचेल आणि पिकाला खतही मिळेल. वैशाखात शेणखत शेतात नेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. काठावरचा उकिरडा तेवढा त्या गाडीत पहिल्यांदा भरायला हवा.