पाटीवरील ‘एक्स्पर्ट’ आणि ‘स्पेशालिस्ट’

व्यवसायबंधूंच्या पाट्यांवर ‘एक्स्पर्ट’, ‘स्पेशालिस्ट’, ‘कन्सल्टंट’ हे इंग्रजी शब्द सर्रास एकाच अर्थी योजिलेले आढळतात. वस्तुतः त्यांत भेद आहे. ‘एक्स्पर्ट’चे मूळ ‘करून पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात असून ‘एक्स्पीरियन्स’ हा शब्द त्याच कुळातला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ९ व्या अध्यायात, वैद्याच्या चार गुणांत दृष्टकर्मता सांगितली आहे, ती याच्या अगदी जवळची. केवळ ग्रंथपाठाने ती येत नाही. ‘कन्सल्टंट’ म्हणजे सल्ला देणारा. तो शब्द काम सांगतो, ज्ञानाची खोली नव्हे. ‘डॉक्टर’चा मूळ अर्थ तर शिक्षक! आपला ‘पंडित’ही इंग्रजीत गेला, पण तेथे वाहिन्यांवर मते देणाऱ्यास तो कधीकधी किंचित उपहासानेही लावतात.

खरा प्रश्न ‘स्पेशालिस्ट’चा आहे. ‘क्षारसूत्र स्पेशालिस्ट’ ही पाटी वाचून भगंदराचा रुग्ण शल्यतंत्रातील पदव्युत्तर पदवी गृहीत धरतो व देह स्वाधीन करतो. ती पदवी नसता हा शब्द लावणे आम्हांस अनुचित वाटते. औषधालयाच्या चालकांनीही ग्राहकास वैद्याचे नाव सुचविताना बिरुदाऐवजी त्याची पदवी आणि त्या कर्मातील अनुभवाची वर्षे सांगावीत.